चिंध्यांचा राब

सुगंधा, तुझं तेरावं होऊन गेलं तरी माझं तुझ्याशी भांडण चालूच आहे. लोक तुझ्याबद्दल फार चांगलं बोलायला लागले आहेत आणि ते मला सहन होत नाही. कॉलेजच्या शोकसभेत प्राचार्य म्हणाले की तू अत्यंत शांत आणि संयमी होतीस. मी मान खाली घातली, लोकांना वाटलं रडतेय. तू आणि शांत! स्टाफरूममध्ये तुझा आवाज चढला की खालच्या मजल्यावरचे कॉमर्सवाले खिडक्या लावून घ्यायचे. मुलांच्या जर्नलवर लाल पेनाने तू जे लिहायचीस ते वाचून एका मुलीने वनस्पतिशास्त्र सोडून बँकेची परीक्षा दिली होती, आणि तू तिच्या लग्नात सगळ्यांच्या आधी जेवायला बसली होतीस.

मला तुझ्याबद्दल गोड बोलता येणार नाही, कारण तू मला एक काम लावून गेलीस आणि काय ते धड सांगितलंही नाहीस.

हॉस्पिटलात मी तुला शेवटची भेटले तेव्हा तुझ्या तोंडावर मास्क होता. तू तो हाताने बाजूला केलास. नर्स ओरडली. तू म्हणालीस, "जानकी." मग दम घेतलास आणि म्हणालीस, "राब." मी म्हटलं, हो गं, होईल सगळं, तू आधी बरी हो. तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. पेपरात प्रश्न एक आणि उत्तर भलतंच लिहिणाऱ्या मुलांकडे तू अशीच पाहायचीस. दुसऱ्या दिवशी तुझ्या घशात नळी घातली होती, बोलणं संपलं होतं.

बाहेर डॉक्टरांनी मला आणि तुझ्या दादाला बाजूला घेतलं. "इन्फेक्शन बऱ्यापैकी आटोक्यात आलंय," ते म्हणाले. "पण त्यांचं शरीर लढायचं थांबत नाहीये. फुफ्फुसांचं आता जे नुकसान होतंय ते जंतूंमुळे कमी आणि शरीराच्या स्वतःच्या लढण्यामुळे जास्त." दादाला काही कळलं नाही, तो नुसता मान हलवत राहिला. मला कळलं. मला ते इतकं नीट कळलं की मी जिन्यात जाऊन बसले. हेच तू दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला शिकवायचीस, फक्त भाताच्या पानाबद्दल.

तुझा तो तास मी दारात उभी राहून किती वेळा ऐकलाय. भातावरच्या करपा रोगाची बुरशी हवेतून येते, पानावर बसते, पान भोसकून आत शिरते. तू फळ्यावर पान काढायचीस, त्यावर एक काळा ठिपका. मग खडू खाली ठेवून कमरेवर हात. "आता वैरी घरात आला. पान काय करेल? पळेल? न्हाय. पान स्वतःचाच राब भाजतं." अर्धा वर्ग शेतकऱ्यांचा, त्यांना राब सांगावा लागत नसे. लूमवाल्यांच्या मुलांना तू सांगायचीस की आपल्याकडे भाताचं बी पेरण्याआधी वाफ्यावर पाला, फांद्या, शेण पसरून ते भाजतात, म्हणजे जमिनीतलं तण मरतं, किडे मरतात, बुरशी मरते. तो राब. पानही तसंच करतं. जखमेवर टाकल्यावर फेसाळणारं औषध असतं ना, हायड्रोजन पेरॉक्साइड, ते आपल्याच पेशींत तयार करतं आणि बुरशीच्या भोवतालचा आपलाच भाग जाळून टाकतं. बुरशीला जिवंत पेशी खायला मिळत नाहीत, ती तिथेच संपते. पानावर सुईच्या टोकाएवढा तपकिरी ठिपका राहतो. ज्या पानाला हे वेळेवर जमत नाही त्याच्यावर लांबट डोळा उमटतो, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी. असे डोळे वाढत गेले की शेत गेलं.

एकदा मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "मॅडम, आग थांबलीच नाही तर?" तू म्हणालीस, "मग पान जातं. पुढचा प्रश्न."

ठिपकीची गोष्ट मी लोकांना सांगत नाही. त्यांना ती तुझ्या संशोधनाची गोष्ट वाटते, आणि आपल्याला माहीत आहे की ती आपल्या भांडणाची गोष्ट आहे. शेलार गावात तुमच्या शेताचा जो तुकडा गोदामांच्या मधे उरला होता, तिथे एका वर्षी करप्याने आजूबाजूचं सगळं भात खाल्लं आणि तुझं उभं राहिलं. पानोपानी बारीक ठिपके, डोळा एकही नाही. तू धावत लॅबमध्ये आलीस, पायाला चिखल तसाच. "वंदे, बघ! माझ्या भाताला लढता येतं!" तू त्याचं बी राखलंस, पुन्हा पेरलंस, पुन्हा ठिपके, पुन्हा भात उभं. नाव तूच ठेवलंस, ठिपकी. एखाद्या शेळीला ठेवावं तसं.

मग आपण पानं रंगवायला घेतली. त्या रंगाची गंमत अशी की पानात जिथे पेरॉक्साइड असेल तिथे तो तपकिरी होतो. नंतर पान गरम स्पिरिटमध्ये ठेवलं की हिरवा रंग निघून जातो, पान कागदासारखं पांढरं होतं आणि आग लागली होती तेवढीच जागा दिसते. तुझ्या वाफ्यातून मुळामातीसकट आणलेल्या काही रोपांवर आपण बुरशी सोडली आणि काही तशीच ठेवली, काचेच्या पेटीत, तुलनेसाठी. बुरशी सोडलेली पानं तपकिरी आली. तू टाळी वाजवलीस. मग मी न सोडलेली पानं बाहेर काढली. तीही तपकिरी होती.

त्या दिवसापासून आपलं बिनसलं. तू म्हणालीस रंग जुना झालाय. नवा मागवला, तेच. तू म्हणालीस माझे हात घाण आहेत. मी हात धुतले, तू स्वतः केलंस, तेच. मग तू बाजू बदललीस. हेच तर तिचं वैशिष्ट्य, म्हणालीस, ठिपकी वैरी यायच्या आधीच तयार असते.

"सुगंधा, वैरी नसताना जे जळतंय त्याला तयारी म्हणत नाहीत," मी म्हटलं. "तुझं पान भेदरलंय. कशाला भेदरलंय ते शोध."

"भेदरलेलं न्हाय, सावध हाय! तुला काय ठावं गं? तू जन्मात रोप लावलंयस का?"

नाही लावलं. माझा जन्म भिवंडीत धामणकर नाक्याजवळ, खाली कापडाचे लूम आणि वर आम्ही. माझ्या पायाखालची फरशी अजून थरथरते, आणि सुट्टीच्या दिवशी ती थांबली की मला झोप येत नाही. पण म्हणूनच मला जे दिसलं ते तुला दिसलं नाही. तुमच्या बांधावर उभी राहिले की मला आमच्या गल्लीचा वास यायचा. गोदामामागे कोणीतरी रोज चिंध्या आणि पुठ्ठे जाळायचं. मी म्हणायचे धुरामुळे असेल. तू म्हणायचीस, धूर काय बुरशीला अडवतो काय? मी म्हणायचे, बुरशीला नाही अडवत, पानाला छळतो, आणि छळलेलं पान आधीच पेटलेलं असतं, म्हणून बुरशी आत शिरत नाही. हे तुझ्या बियात नाही, तुझ्या हवेत आहे. हे बी दुसरीकडे नेऊन पेर आणि बघ.

तू शेतातलं सगळं मोजलं होतंस. माती, पाणी, खत, ऊन, रोपांची उंची. एकच गोष्ट तेव्हा तू विचारात घेतली नाहीस आणि मीही नाही. तुझा राब कशाचा होता? पूर्वी तुमच्याकडे डोंगरातून ऐनाच्या फांद्या यायच्या, गोठ्यातलं शेण असायचं. मग डोंगराच्या उतारावर गोदामं झाली, गुरं गेली. उरलेल्या शेतकऱ्यांनी भिवंडीत जे फुकट मिळतं ते भाजायला सुरुवात केली. लूमखालचं तुटकं सूत, किनारीच्या पट्ट्या, चिंध्या, सगळं प्लास्टिकच्या धाग्याचं, आणि जळून उरलेलं त्याच वाफ्यात, रोपांच्या मुळाशी राहायचं. गावात सगळेच पाल्यात थोडं ते मिसळत होते, तुमचा तुकडा गोदामांत अडकलेला म्हणून तुमचा राब नुसता चिंध्यांचा, पण ते कोणाला वेगळं वाटतच नव्हतं. शेलारच्या माणसाला राब म्हणजे राब. आणि माझ्यासारख्या लूमवालीला चिंध्या म्हणजे चिंध्या, त्या कुठेतरी जळणारच. अशी चूक भिवंडीतच होऊ शकते.

जानकी तुमच्याकडे आवणीला यायची. अकलोलीच्या वरच्या पाड्यावरची, दरवर्षी रोपं लावायला मजुरीवर, तुझ्या आईच्या वेळेपासून. तिने ठिपकी उभी राहिलेली डोळ्यांनी पाहिली होती. तिचं स्वतःचं भात मागच्या वर्षी करप्याने गेलं तेव्हा तिने तुझ्याकडे बी मागितलं. मला वाटलं, चला, आता खरं काय ते कळेल. मी तुला म्हटलं, एका वाफ्यापुरतं दे. बाकी तिने तिचं पेरावं. तू हो म्हणून मान हलवलीस. आणि तिच्या अख्ख्या शेताला पुरेल एवढं बी दिलंस.

"ती मागत होती, वंदे. मी न्हाय कशी म्हणू?"

"तिची पोरं काय ठिपके खातील?"

तेव्हा मी जरा जास्तच बोलले. पुढे बरेच दिवस आपण एकमेकींना फक्त टाइमटेबलपुरतं बोलत होतो. मग वैशाखात एका दुपारी तू आमच्या घरी आलीस. जिना चढून दम लागला होता, खोकत होतीस. मी विचारलं, काय गं हे? "धूळ गं, दुसरं काय," म्हणालीस. चहा घेतलास. मग विचारलंस, "तुमच्या लूमखाली चिंध्या पडल्यात का? दोन गोणी दे." मी खाली जाऊन भरून दिल्या. त्या महिन्यात आमच्याकडे पोपटी किनारीचं कापड चाललं होतं, गोणीतून त्या पोपटी पट्ट्या बाहेर लोंबत होत्या. राब भाजायला नेतेस ना, मी म्हटलं, अजून तुझं डोकं ठिकाणावर आलेलं नाही. तू हसलीस. रिक्षात दोन्ही गोणी घेऊन मधे बसलीस आणि मला हात केलास. तुझी हिंडतीफिरती अशी ती शेवटची आठवण आहे, तीही अशी पोपटी.

तेराव्यानंतर मला तुझे ते दोन शब्द स्वस्थ बसू देईनात. मी अकलोलीला गेले. गरम पाण्याच्या कुंडांशी भाविकांची गर्दी होती. तिथून वर पाड्यापर्यंत चालत गेले, दोनदा रस्ता विचारला. जानकी मला ओळखत होती. तिने आधी माझे हात धरले, तुझं नाव घेऊन रडली, मग पदराने तोंड पुसलं आणि मला थेट वाफ्यांकडे घेऊन गेली.

सुगंधा, असं हिरवं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. रोपं वीतभर झाली होती. वाऱ्याने एका बाजूला झुकायची आणि परत उभी राहायची.

"बग, बाय," जानकी म्हणाली. "एक ठिपका न्हाय. ताय म्हनली व्हती ठिपकं येतील, भिऊ नको. एकपन न्हाय आला. कनसरीनं राखलं." कणसरी म्हणजे त्यांची दाण्यातली देवी, ते तूच मला सांगितलं होतंस.

ती इतक्या आनंदाने सांगत होती. ठिपका नाही. तीच ठिपकी, तुझ्या हातचं बी, आणि ठिपका नाही. म्हणजे त्या पानाला कशाचीच चाहूल लागलेली नव्हती. मी खाली बसले. रोपं हाताने बाजूला करून पाहायला लागले. जानकीला वाटलं मी कौतुक करतेय. बांधाकडच्या ओळीत, अगदी खालच्या पानावर, मला पहिला डोळा दिसला. लांबट, मध्ये राखाडी. शेजारच्या रोपावर दुसरा. मग मला शोधावंच लागलं नाही.

"जानकीताई," मी विचारलं, "राब कशाचा भाजला होता?"

"पाल्याचा. आनि शेन. दुसरं काय भाजनार?" मग ती थांबली. "तायनं सांगलं का तुमाला?"

"काय?"

"ताय वैशाखात आलेली. गोनी घेऊन. म्हनली, जानके, एका वाफ्यावर पाला भाज, दुसऱ्यावर ह्या चिंध्या भाज. बी एकच टाक. मंग मना सांग कुठं काय उगवलं." ती ओशाळली. "मी न्हाय केलं तसं. कोपऱ्यात भाजाया घेतलं, तं असा वास सुटला का सासूनं आरडाओरडा केला. म्हनली, कनसरी वाफ्यात पाय ठेवायची न्हाय. डोलं चुरचुरलं, समदी खोकाया लागली. तायचा शबूद म्हनून तेवढा कोपरा भाजला आनि सोडलं."

"कोणता कोपरा?"

ती मला घेऊन गेली. जेमतेम दोन सुपांएवढी जागा. तिथली रोपं बाकीच्यांपेक्षा खुजी होती, टोकं पिवळी पडलेली, आणि पानापानावर सुईच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके. जानकीच्या नजरेतून ते सुटले होते. तिने त्या कोपऱ्याकडे लाजेने पाहिलंच नव्हतं. मी एकेक पान उलटून पाहिलं. डोळा एकही नव्हता.

मी जिंकले, सुगंधा. भर उन्हात, चिखलात बसून मी आपलं भांडण जिंकले. आणि वळून तुला काही म्हणायला गेले.

पण मला खरं धरून बसलंय ते वेगळंच. तू मला कधी म्हणाली नाहीस की वंदे, तुझा प्रश्न बरोबर आहे. माझ्यासमोर शेवटपर्यंत मान ताठ. आणि माझ्या मागे तू माझाच प्रश्न रिक्षात घालून अकलोलीला नेलास. माझ्याच लूमच्या चिंध्या, आणि त्यातला राबाचा मुद्दा, जो मलाही सुचला नव्हता, तो तुझा. एका वाफ्यावर पाला, दुसऱ्यावर चिंध्या, बी एकच. इतकी नीट तुलना आपण लॅबमध्येही कधी केली नाही. तू मला सांगितलं असतंस तर मी काय तुला चिडवलं असतं? हो, चिडवलं असतं. महिनाभर चिडवलं असतं. तेवढं तू सोसायचं होतंस.

मी जानकीला सगळं सांगितलं. लपवून ठेवायचा मोह झाला, कारण तुझं नाव घेताना तिचा चेहरा कसा होतो ते मी पाहत होते. पण लावणी अजून व्हायची होती. डोळे दाखवले, ठिपके दाखवले. पान कसं पेटतं ते तुझ्याच शब्दांत सांगितलं. ती उकिडवी बसून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने हिरव्या वाफ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्याकडे.

"म्हंजी चिंध्या भाजल्या तं करपा येत न्हाय."

"तसं नाही..."

"मंग कसं? तुमीच दावलं." ती रागावली नव्हती, फक्त हिशेब समजून घेत होती. "पुढल्या साली समदा राब चिंध्यांचा भाजू?"

सुगंधा, तुझ्या त्या वर्गातल्या पोराला तू जसं पुढच्या प्रश्नावर नेलंस तसं मला जमलं नाही. मी म्हटलं, नको. ती म्हणाली, मंग करप्याला काय करू? मी म्हटलं, मला ठाऊक नाही. औषध फवारायचं आणून देईन, पण पाऊस धुऊन नेईल. वरच्या उतारावर नाचणी टाक. ती म्हणाली, नाचनी टाकीन, पन हे उपटून काय खाऊ, लावीनच. जे वाचंल ते वाचंल. रोपं आता शेतात गेली असतील. त्यातलं किती उभं राहील ते मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर मला फार आशा नाही.

निघताना ती घरात गेली आणि वळचणीखालची गोणी ओढत बाहेर आली. अर्धीअधिक भरलेली, पोपटी पट्ट्या लोंबणारी. "ही घेऊन जा, बाय. हितं ऱ्हायली तं कोनतरी भाजील. शेतात करपा दिसला का मानूस काय पन भाजतं."

गोणी घेऊन मी घरी यायच्या आधी शेलारला उतरले. दुसऱ्या गोणीचं काय झालं ते मला दादाकडून ऐकायचं होतं. ऐकायचं नव्हतंही. दादा गोदामाच्या सावलीत बसला होता. माझ्या हातातल्या गोणीकडे त्याने पाहिलं आणि उठला.

"यंदा मी तिला नको म्हनत होतो," तो म्हणाला. "जागा गोदामाला द्यायची ठरली हाय, तं राब कशाला? ऐकते ती? पाला कुठून तरी आनवला. एका वाफ्यावर पाला, एका वाफ्यावर चिंध्या. आनि चिंध्यांजवळ काठी घेऊन उभी, समदं जळून खाली बसेपर्यंत. मी म्हनलं, अगं बाजूला हो. म्हनली, दादा, सारखं भाजलं पायजे, नायतर वंदना बोलते."

मी ते दोन वाफे पाहून आले. दोन्हींत बी कधी पडलंच नाही, तोवर तू हॉस्पिटलात होतीस. पाल्याच्या राखेवर गवत माजलंय, गुडघाभर. शेजारच्या चौकोनात काहीच उगवलेलं नाही. वितळून घट्ट झालेले काळे गोळे आहेत, आणि पावसाचं पाणी त्यांच्यावर थांबतंय, खाली जात नाही.

धुराने तू गेलीस असं मी म्हणणार नाही. एका वेळच्या धुराने माणूस जातं का, तुझी फुफ्फुसं आधीपासून किती वर्षं त्या गोदामामागच्या आगीत शेकत होती, तापाचं मूळ काय होतं, डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पुरावा नसताना निष्कर्ष काढणाऱ्याला तू काय म्हणायचीस ते मला पाठ आहे. पण "नायतर वंदना बोलते" हे मला ऐकू येत राहतं. लूम बंद असतात तेव्हा जास्त येतं. तू एकदा तरी विचारायचंस, सुगंधा. मी बोलले नसते. वाफा अर्धाकच्चा भाजलेला चालला असता मला.

काल लॅबमध्ये मी अकलोलीहून आणलेली पानं रंगवली. कोपऱ्यातली तपकिरी आली, जशी आपली नेहमी यायची. हिरव्या वाफ्यातली, डोळा नसलेली पानं स्पिरिटमधून बाहेर काढली तर पांढरी शुभ्र. एवढ्या वर्षांत आपल्याला असं पान कधी मिळालं नव्हतं. तुझी तुलना पूर्ण झाली. मी ते पान काचेवर ठेवून उजेडासमोर धरलं आणि सवयीने तुझ्या टेबलाकडे सरकवलं. तुझ्या जागी अजून कोणी बसत नाही.

तुझे आभार मानायचे राहिले आहेत, ते आता इथेच मानते. माझं बोलणं एवढं मनावर घेणारं दुसरं कोणी मला भेटलं नाही. घरात माझं कोणी ऐकत नाही, कॉलेजात ऐकल्यासारखं करतात. तू ओरडायचीस, शिव्या द्यायचीस आणि मग गुपचूप जाऊन मी म्हटलेलं तपासून पाहायचीस. याला मैत्री म्हणतात हे मला आता कळतंय, आणि कळून उपयोग काय.

गोणी माझ्या टेबलाखाली आहे. शिपाई दोनदा विचारून गेला, "मॅडम, मागे टाकू का?" मागे म्हणजे भिंतीपलीकडचा खड्डा, तिथे रोज कोणीतरी काडी लावतं. घरी नेली तर लूमखालच्या ढिगात जाईल आणि तिथून कोणाच्या तरी भट्टीत. खाडीत टाकणार नाही. मला एक जागा सांग, सुगंधा, या भिवंडीत चिंध्या टाकता येतील आणि त्या कोणी पेटवणार नाही अशी. मी बराच विचार केला, मला सापडली नाही. तोवर ती माझ्या पायाशीच राहील.

हे लिहिताना मधूनमधून खोकला येतोय. धूळ असेल.